एका ताटाचे दोन फोटो

३ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरीणबाई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून काल तुझ्या मावशींना केला. त्या म्हणाल्या, "कागदावर लिहून पाठव. मी तिच्या हातात देईन. वाचायचं की नाही ते तिचं ती बघेल." शाळा सुटल्यापासून मी कागदावर फक्त कामावरच्या तक्रारी लिहिल्या आहेत. 'लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबत नाही, दार कुरकुरतं', असल्या. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घे.

तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. घर ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात ते दुखतातच. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या चित्रांचा गठ्ठा कपाटावर राहिला होता, तो मी शाळेत नेऊन दिला. शिपाई म्हणाला, बाई परत कधी येणार? मी म्हटलं, बघू.

पहिला आठवडा मला वाटत होतं की केकच्या एका तुकड्यावरून कुणी घर सोडतं का. मोठ्या बाईंच्या निरोप समारंभात तू केक खाल्लास, घरी येऊन हसत हसत सांगितलंस, आणि मी काय म्हटलं तर "गेली आठवड्याची पानं." म्हणजे दवाखान्याच्या त्या खाण्याच्या ॲपवरची हिरवी पानं. एवढंच तर म्हटलं, असं मी मनाशी घोकत होतो. नंतर आई जे बोलली ते मात्र जास्त झालं. "जिला जिभेवर ताबा नाही, तिच्या पोटी मूल कसं राहील." ती म्हातारी आहे, तिचं मनावर घेऊ नकोस, असं मी तुला सांगायला हवं होतं. तेवढं राहून गेलं.

तू पिशवी भरताना म्हणालीस, "मला भूक लागली आहे. गेले आठ महिने मला भूक लागली आहे." मी म्हटलं, मग जेवून जा. याच्याइतकं मूर्ख उत्तर कुणी दिलं नसेल.

दवाखान्याचं विचारशील तर विशेष काही नाही. नेहमीचंच.

थकलोय. आवर आणि ये, असं लिहिलं होतं, पण ते खोडलं.

तुझा
मी


१९ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरीणबाई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

एक बातमी आहे. कंपनीची वार्षिक तपासणी झाली. उंचीवर काम करणाऱ्यांना ती पास करावी लागते, तुला माहीत आहे. माझी रक्तातली साखर वाढलेली निघाली, वजन तर दिसतंच आहे. मला तीन महिने लिफ्टच्या वर चढायला बंदी आहे. खाली ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसवलंय. मोठे मिस्त्री म्हणाले, "बरं झालं, तुझ्या वजनानं लिफ्टचा पाटा वाकायच्या आधी पकडलं." सगळे हसले. मीही हसलो.

तुला आता प्रश्न पडला असेल की माझी साखर वाढली कशी. माझ्या रकान्यात तर आठ महिने हिरवी पानंच पानं होती.

म्हणून हे लिहितोय. दवाखान्यातल्या सिस्टरनी ते ॲप आपल्या दोघांच्या फोनवर घालून दिलं तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, मूल व्हायच्या आधीचं खाणं दोघांचंही असतं, बाईचं एकटीचं नाही. दोघांचे दोन रकाने. रोज ताटाचा फोटो टाकायचा, आणि त्यातली ती बोलणारी ताई सांगणार, यात पालेभाजी कमी पडली, उद्या मूठभर शेंगदाणे घ्या.

मी तुझ्याच ताटाचे दोन फोटो काढायचो. एक डावीकडून, एक उजवीकडून. दुसरा माझ्या रकान्यात. संध्याकाळी घरी जे जेवायचो ते खरं होतं, पण तोवर दिवसभरात कोपऱ्यावरच्या टपरीवर पाच गोड चहा आणि दोन वेळा तळलेलं झालेलं असायचं. ते ताईला कधी कळलं नाही, आणि तुलाही.

तू एकदा विचारलं होतंस, "डब्यातलं अंडं तसंच परत कसं आलं?" मी म्हटलं, काम फार होतं. काम नव्हतं. टपरीवर होतो.

आणि ताई बिचारी कधी रागावलीसुद्धा नाही. केकच्या दिवशीही तिनं लिहिलं होतं, "एखाद्या दिवसानं काही बिघडत नाही." मी आज पुन्हा वाचलं. तिचे निरोप मी तुला माझ्या आवाजात वाचून दाखवायचो आणि त्यात मधले शब्द गाळायचो. तू ताईला वैतागली होतीस, पण ती ताई मीच होतो.

एवढं कबूल करून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

मी


८ मार्च, शनिवार

मास्तरीणबाई,

परवाच्या दिवशी फोनवर एक बाई होत्या. एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि त्या आत एकट्या. आमची गाडी पोचायला चाळीस मिनिटं लागली. तोवर त्यांना बोलतं ठेवणं माझं काम.

आम्हाला शिकवलेलं असतं तसं मी सुरू केलं. घाबरू नका, हवा येते आहे, दार ओढू नका, काही होत नाही. पाच-सहा वेळा म्हणून झालं. त्या मध्येच म्हणाल्या, "अहो, घाबरू नका घाबरू नका हे बंद करा. नक्की काय झालंय ते सांगा. मला खरं कळलं की मी आपोआप शांत बसेन."

मग मी सांगितलं. वीज क्षणभर गेली, त्यामुळे ब्रेक बसला. तो आता हातानं सोडवावा लागेल. माणूस यायला निदान अर्धा तास आहे. "बरं," म्हणाल्या. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. "मग मी बसते."

मी घरी आलो आणि दोन दिवस हा कागद समोर ठेवून बसलो आहे.

नक्की काय झालंय ते आता सांगतो. नोव्हेंबरमध्ये सिस्टरनी आपल्या दोघांच्या तपासण्या करायला सांगितल्या होत्या. तुझी झाली, ठीक निघाली. मी तुला म्हणालो होतो की माझी लॅबमध्ये काहीतरी गोंधळ होऊन राहिली, पुन्हा द्यावी लागेल. ते खोटं होतं. माझा रिपोर्ट एकवीस नोव्हेंबरला माझ्या हातात आला होता. शुक्राणूंचे आकडे कमी आहेत. जे आहेत त्यांच्यात जोर नाही. डॉक्टर म्हणाले, वजन, साखर, खाणं यांचा हात असू शकतो. सुधारेल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही, पण निदान तीन महिने नीट राहून पुन्हा तपासू.

मी तो कागद चार घड्या करून हत्यारांच्या पिशवीत घातला. पाने, पेचकस आणि तो. वरच्या मशीनच्या खोलीत गेलो की काढून वाचायचो, कमी-जास्त झालंय का बघायला.

तुला सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू. मग डिसेंबर आला. आई तुझ्या ताटात बघून उसासे टाकू लागली. मी गप्प. तिनं तुला शेजारच्या सुनेचं उदाहरण दिलं, तेव्हाही गप्प. उलट त्या महिन्यात मी तुझ्या ताटाच्या मागे जास्तच लागलो. भात किती वाढलास, दूध प्यालीस का. तुझं ताट जितकं हिरवं, तितका माझा कागद खोटा ठरेल, असं काहीतरी डोक्यात होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण नाहीच. लाज होती, आणि ती मी तुझ्या ताटात वाढत होतो.

केकच्या दिवशी आई बोलली तेव्हा ती पिशवी माझ्या खांद्यावर होती. मी नुकताच कामावरून आलो होतो. कागद पिशवीत, मी दारात, आणि तू आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होतीस. मी काहीतरी बोलेन म्हणून तू वाट बघितलीस, ते मला कळलं होतं.

मी


३० मार्च, रविवार

मास्तरीणबाई,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. आत अख्ख्या कागदावर एकच ओळ, "आईंना सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. तुझी ओळ आल्यावरही चार दिवस गेले. काल सांगितलं.

ती ओट्याजवळ बसून पालेभाजी निवडत होती. मी शेजारी बसलो आणि निवडू लागलो, तर म्हणाली, "काय पाहिजे?" मी भाजी निवडायला बसलोय म्हणजे काहीतरी पाहिजे असणार, हे तिनं ओळखलं.

मी म्हटलं, "आई, मूल होत नाही त्याचं कारण ती नाही. माझे आकडे कमी आहेत. डॉक्टरांचा कागद आहे."

ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "कधीचा कागद?"

"नोव्हेंबरचा."

"म्हणजे मी तिला ते बोलले तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला बोलू दिलंस."

तिनं देठांचा ढीग बाजूला सारला. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू व्हायच्या आधी सहा वर्षं मी ऐकून घेतलंय. तुझ्या आजीचं, आत्याचं, जो येईल त्याचं. तेव्हा ठरवलं होतं, आपल्या घरात येईल तिला हे ऐकवायचं नाही. आणि ऐकवलंच. ते माझं पाप, ते मी तुझ्यावर ढकलणार नाही. पण तू एका शब्दानं मला थांबवू शकत होतास."

मग म्हणाली, "तुझे आकडे कमी आहेत त्याचं मला काही नाही. तेवढ्यानं माणूस कमी होत नसतो. कमी होतो तो..."

वाक्य तिथंच सोडून ती उठली. काल ती जेवली नाही. आज सकाळी तिनं माझ्याकडून मावशींचा नंबर मागून घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून बोलली. कुणाशी, मावशींशी की तुझ्याशी, मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

अजून एक राहिलंय. तू गेल्यावरही तुझा रकाना माझ्या फोनवर दिसत राहिला. तू तिथंही रोज फोटो टाकत होतीस. मी ते बघत होतो. "आज फक्त चहा आणि पाव." "आज मावशीकडे दोनदा जेवले." आपली माणसं दूरदेशी गेली की त्यांच्या गावची हवा बघतात ना, तसं रोज सकाळी तुझं ताट बघायचो. पण तुला न सांगता बघत होतो. ते बंद करता येतं. वरच्या कोपऱ्यात तीन रेघा आहेत, त्यात 'जोडीदाराला दाखवा' असं आहे, तिथली खूण काढ.

मी


१ जून, रविवार

मास्तरीणबाई,

तू खूण काढलीस. तुझा रकाना पांढरा झाला त्याला दोन महिने झाले. बरोबर केलंस.

मी माझा रकाना खरा भरतोय. पहिल्या आठवड्यात सगळी पिवळी पानं. टपरीवरच्या तळलेल्याचा फोटो टाकला तर ताई म्हणाली, "खरं सांगितल्याबद्दल आभार. उद्या यासोबत एक फळ घेता येईल का?" यंत्र ते, सगळ्यांना हेच म्हणत असणार. तरी मी ते दोनदा वाचलं.

आता स्वयंपाक मी करतो. आई स्टुलावर बसून सांगते. डाळ करपवली, भाजीत मीठ दोनदा पडलं. मटकी भिजत घालून विसरलो, तिला हातभर मोड आले. तू शाळा करून, वह्या तपासून हे दोन्ही वेळा करत होतीस आणि वर माझं भाषण ऐकत होतीस. मी एका वेळेतच आडवा होतो. पंधरा किलोचं दार खांद्यावर घेऊन सात मजले चढलोय, पण रोज संध्याकाळी 'आता काय करायचं' या प्रश्नानं जितका दमतो तितका तेव्हा दमलो नाही.

चहा दोनवर आणलाय, बिनसाखरेचा. टपरीवाला म्हणतो, घरी कुणी वारलं का.

साखर खाली आली. मागच्या आठवड्यापासून पुन्हा वर चढायला परवानगी मिळाली. दुसरी तपासणीही झाली. आकडे थोडे वाढलेत. अजून कमीच आहेत, पण थोडे वाढलेत. हे तुला परत बोलावण्यासाठी लिहीत नाही. मागच्या वेळी दडवलं होतं, म्हणून या वेळी सांगतोय. कागदाची नक्कल सोबत जोडली आहे.

मी


२२ जून, रविवार

मास्तरीणबाई,

काल तू येऊन गेलीस. समोरासमोर मला काही नीट बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद.

तू रंगांची पेटी आणि पुस्तकं न्यायला येणार, असं मावशींनी कळवलं होतं. मी ठरवलं होतं की मध्ये मध्ये करायचं नाही. तू कपाट उघडलंस तेव्हा बाहेरच बसलो. आईनं तुला आत बोलावलं, तुम्ही दोघी बराच वेळ होतात. भांड्यांचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही. मग आईच बाहेर येऊन म्हणाली, "ती जेवून जाणार आहे. तू वाढ, आणि तिच्या ताटाकडे बघू नकोस."

मी नाही बघितलं. भिंतीकडे बघून जेवलो. तूच म्हणालीस, "भाजी बरी झालीय. मीठ एकदाच पडलंय." म्हणजे तू शेवटचं पत्रही वाचलंस. मला तोवर ते नक्की माहीत नव्हतं.

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. परत येशील का.

तू घास संपवलास, पाणी प्यालीस. तू काय म्हणालीस ते मी जसंच्या तसं लिहितो, म्हणजे मला बरोबर कळलं का ते तुला बघता येईल.

तू म्हणालीस, "तू फोटोंचं सांगितलंस, रिपोर्टचं सांगितलंस. सगळं खरं सांगितलंस असं तुला वाटतंय. पण पहिल्या दिवसाचं तुला आठवतच नाही. सिस्टरनी फोन आपल्या हातात दिले. मी बाकावर होते, केस बांधत होते. माझाही फोन तूच घेतलास, म्हणालास, मी भरतो दोन्ही. त्यात सगळ्यात पहिला प्रश्न काय होता?"

मी म्हटलं, वय असेल. वजन.

"नाही. पहिला प्रश्न होता, येत्या वर्षात तुम्हाला मूल हवं आहे का. तू तुझ्या फोनवर हो दाबलंस आणि माझ्याही फोनवर हो दाबलंस. मी बघत होते. म्हटलं, आता विचारेल, मग विचारेल. आपल्या लग्नाला चार वर्षं झाली. तू विचारलं नाहीस, आईंनी नाही, माझ्या आईनंसुद्धा नाही. एका यंत्रानं तेवढं विचारलं होतं, तर त्याचंही उत्तर तू दिलंस."

मी म्हटलं, "मग तुला नकोय?"

तू म्हणालीस, "बघ. तू लगेच दुसरं उत्तर भरायला निघालास." आणि हसलीस. खूप दमलेलं हसू होतं ते, पण हसलीस.

तू गेल्यावर मी ॲप काढलं. ताईला विचारलं, सगळं पहिल्यापासून सुरू करता येतं का. येतं. माझ्या फोनवरचा दोघांचा जुना हिशेब, फोटो, पानं, सगळं पुसलं. बाकावरचा तो पहिला प्रश्न पुन्हा आला. नीट वाचला. त्याखाली तीन उत्तरं आहेत. हो. नाही. अजून ठरवलेलं नाही. तिसरं तिथं होतं हे मी तेव्हा वाचलंही नव्हतं.

माझ्या रकान्यात मी हो लिहिलंय. मला हवंय, ते मी लपवणार नाही. तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटेल, आणि मी ते वाईट वाटणं तुझ्या ताटात वाढणार नाही, एवढं सांगू शकतो. जास्त काही सांगायची माझी पत राहिलेली नाही.

तुझ्या रकान्यात काही भरलेलं नाही. ॲप दोनदा म्हणालं की जोडीदाराची माहिती अपुरी आहे, पूर्ण करू का. दोन्ही वेळा मी 'नको' दाबलं.

मी